उच्चारांचा प्रोजेक्ट? शब्द वाचायला देऊ नका

इंग्रजी भाषाविज्ञानाच्या प्रोजेक्टसाठी 'हे शब्द वाचा' म्हणत मोबाइल समोर धरला की माणूस एकदम बातम्या द्यायला लागतो. भाचीचे पहिले वीस नमुने असेच फुकट गेले.

मग उत्तरात हवा तो शब्द आपोआप येईल, असा प्रश्न काढला. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं दुकान विचारायचं, तेही इंग्रजीतून. नाहीतर 'तिसऱ्या मजल्यावर' ऐकून परत यावं लागतं. 'थर्ड फ्लोअर' आलं की ऐकू न आल्यासारखं 'सॉरी?' म्हणायचं. दुसऱ्यांदा तोच माणूस सावकाश, ठासून बोलतो. दोन्ही वेळा 'थर्ड' आणि 'फ्लोअर'मधला 'र' वाजला की गिळला, ते लगेच कोपऱ्यात जाऊन वहीत टिपायचं. (सरकत्या जिन्यावर नको. भाची धडपडली.)

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या ३ डिपार्टमेंट स्टोअरमध्ये 'फोर्थ फ्लोअर' असंच वदवून घेतलं होतं. स्लाइडवर त्यांचं नाव हवंच, 'ही पद्धत कुठली?' हा प्रश्न तिथेच मिटतो. खाली एकच तक्ता: पहिलं उत्तर, दुसरं उत्तर. 'ठाणेकर असं बोलतात' नको, 'या मॉलमधले ३० जण' म्हणा.

चोरून रेकॉर्डिंग मात्र अजिबात नको, आणि आधी गाइडना विचारा.