खळ्यातला ‘ट्वायलाइट झोन’: कोणते गाजलेले भाग गाळायचे आणि उरलेले कसे लावायचे

‘द ट्वायलाइट झोन’ ही दर भागात नवी, विलक्षण गोष्ट सांगणारी अमेरिकी टीव्ही मालिका २ ऑक्टोबर १९५९ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि जून १९६४ मध्ये संपली. पाच पर्वं, १५६ भाग, त्यातले ९२ मालिकेचा कर्ता आणि निवेदक रॉड सर्लिंग याने एकट्याने लिहिलेले. घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पडदा बांधून यातले चार भाग दाखवायचे तर अडचण एकच: गाजलेल्यांची यादी उचलली की खेळ हमखास पडतो. त्या याद्यांत शेवटच्या मिनिटाच्या धक्क्यावर जगणारे भाग जास्त असतात आणि ते धक्के गेल्या साठ वर्षांत सगळ्यांनी उसने नेलेत. दशावतारात संकासुराचं काय होणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, तरी माणसं जागची हलत नाहीत. भाग तसा हवा.

म्हणून निवडीची रीत सोपी ठेवा. शेवट माहीत असताना भाग पुन्हा एकदा पूर्ण बघा. मधेच हात मोबाइलकडे गेला तर तो भाग यादीतून काढा, मग त्याचं नाव कितीही मोठं असो. (पुढे शेवट उघड केले आहेत. खेळ लावणाऱ्याला ते माहीत असलेच पाहिजेत.)

पहिला बळी ‘टाइम इनफ अ‍ॅट लास्ट’चा. बँकेतला कारकून हेन्री बेमिस वाचनवेडा, बायको आणि साहेब दोघेही त्याला वाचू देत नाहीत. बॉम्ब पडतो, तो एकटा उरतो, ग्रंथालय सापडतं आणि चष्मा फुटतो. बर्जेस मेरेडिथने काम झकास केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण बायको म्हणजे नुसतं बुजगावणं आहे आणि या बापड्याला शिक्षा कशाची, याचं उत्तर भागात कुठेच नाही. शिवाय खळ्यातून कोणीतरी ओरडणारच, ‘मेल्या, दुसरो चष्मो गावतलो मां खंयतरी!’ की सगळा शेवट हशात बुडाला.

‘टू सर्व्ह मॅन’चा शेवट इंग्रजीतल्या एका श्लेषावर उभा आहे: ‘सर्व्ह’ म्हणजे सेवा करणं आणि ताटात वाढणंही. मराठी उपशीर्षकांत तो आणता येत नाही. खाली टीप द्यावी तर टीप वाचेपर्यंत भाग संपतो. त्याआधीची वीस मिनिटं म्हणजे सभा, भाषणं आणि निवेदन. नऊ फुटी परग्रहवासी सोडले तर बघण्यासारखं फारसं नाही.

‘द हिच-हायकर’मध्ये गाडीने एकट्या निघालेल्या पोरीला रस्त्यात हात दाखवणारा तोच माणूस पुन्हा पुन्हा दिसतो. अमेरिकेत तो भीतीदायक ठरला असेल. घाटात हात दाखवणाऱ्या बाईच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला टायर फुटल्याचं कळताक्षणीच अंदाज येतो की ही पोरगी मघाशीच गेलेली आहे. इंगर स्टीव्हन्सचा चेहरा उत्तम, पण उरलेला वेळ आपण तिला ते कधी कळतंय याची वाट बघत बसतो.

‘नाइटमेअर अ‍ॅट २०,००० फीट’ (१९६३) वर भांडण होईल, होऊ द्या. रिचर्ड मॅथेसनची पटकथा घट्ट आहे, विल्यम शॅटनरचा घाबरा प्रवासी खरा वाटतो. घोळ विमानाच्या पंखावरच्या प्राण्याचा. तो केसाळ पोशाख छोट्या, धूसर टीव्हीवर खपून गेला. आठ फुटी पडद्यावर स्वच्छ प्रत लावली की आत माणूस आहे हे लपत नाही. लहान मुलांसाठी लावायचाच असेल तर प्रोजेक्टरचा ब्राइटनेस थोडा उतरवा, म्हणजे तो निदान पावसाच्या काळोखात बुडेल. शॅटनरच हवा असेल तर ‘निक ऑफ टाइम’ (१९६०) लावा. गाडी बिघडल्यामुळे नवरा-बायको एका गावातल्या हॉटेलात अडकतात, टेबलावर पैसा टाकून भविष्य सांगणारं यंत्र असतं आणि नवऱ्याला त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलवेनासं होतं. देवळात कौल लावताना पाकळी उजवी पडते की डावी, याकडे डोळे लावून बसलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन गठ्ठे सरसकट बाजूला ठेवा. दुसऱ्या पर्वातले सहा भाग खर्च वाचवण्यासाठी फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर घेतले होते. ‘ट्वेंटी टू’ आणि ‘द नाइट ऑफ द मीक’ हे त्यातलेच. मोठ्या पडद्यावर त्यांचं चित्र पसरट, स्टुडिओतल्या नाटकासारखं दिसतं. दुसरा गठ्ठा चौथ्या पर्वाचा, १९६३ चा. १८ भाग, प्रत्येक तासाच्या वेळेचा, आणि गोष्ट मात्र अर्ध्या तासाचीच. अपवाद ‘जेस-बेल’: डोंगरातली पोरगी, चेटकिणीचं औषध, रात्री होणारं रूपांतर. करणीच्या गोष्टी आवडणाऱ्या घरात चालून जातो.

आता क्रम. पहिला ‘द इन्व्हेडर्स’ (१९६१). अ‍ॅग्नेस मूरहेड एकटी घरात, छपरावर काहीतरी उतरलंय, आणि शेवटच्या क्षणापर्यंत संवादच नाही. उशिरा येऊन बसणाऱ्याचं काही चुकत नाही, इंग्रजीची अडचण नाही. त्यातून उतरणारी चिमुकली माणसं खेळण्यातली वाटतात, तेवढं चालवून घ्या. दुसरा ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’: गल्लीतली वीज जाते, फोन आणि गाड्या बंद पडतात आणि शेजारी शेजाऱ्यावर उठतात. वाडीतलं राजकारण ज्याने पाहिलंय त्याला हा कळतो. त्यानंतर चहा, मग ‘निक ऑफ टाइम’ आणि शेवटी ‘इट्स अ गुड लाइफ’. मनात येईल त्याला मक्याच्या शेतात धाडणारं सहा वर्षांचं पोर आणि त्याच्यापुढे हसतमुख राहणारं अख्खं गाव. यात शेवटचा धक्का नाहीच, तरी श्वास रोखला जातो. एक भाग साधारण २५ मिनिटांचा, म्हणजे चहासकट सव्वादोन तास धरा.

‘आय ऑफ द बिहोल्डर’ चौकटीत बसत नाही म्हणून वेगळा. सर्वांचे चेहरे सावलीत ठेवण्याची त्यातली छायाचित्रणाची करामत अजून दाद घेण्यासारखी आहे, टीव्हीवरच्या पुढाऱ्याचं भाषण मात्र कंटाळवाणं. तो फक्त अमावास्येच्या आसपास लावा. चांदणं असलं किंवा ओटीवरचा दिवा चालू राहिला की पडद्यावरच्या सावल्या राखाडी होतात आणि भागाचा जीवच जातो.

वेळ तुळशीच्या लग्नानंतरची, पण गावची जत्रा कधी आहे ते आधी विचारा. दशावताराच्या रात्री तुमच्याकडे कोणी फिरकणार नाही. त्या दिवसांत पावणेसात-सातपर्यंत पुरेसा काळोख होतो. सव्वासातला सुरू करून साडेनऊला आवरा, कारण पुढे दव पडून कापड जड होतं आणि लेन्सवर वाफ धरते. किनाऱ्याजवळ संध्याकाळी खारा वारा असतो, तो पडून रात्री मतलई सुरू होतो. म्हणजे वारा उलटा फिरतो, आणि एका बाजूने ताणलेला पडदा दुसऱ्या भागात शिडासारखा फुगतो. चारही कडांना दर दीड फुटावर दोरी घ्या, खालच्या कडेत बांबू घाला.

मालिकेचं चित्र ४:३ आहे. ८ फूट रुंद, ६ फूट उंच पांढरं जाड कापड पुरतं. टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर चित्र ताणून पडदा भरू नका, सगळी माणसं बुटकी होतात. आजचा प्रोजेक्टर १६:९ चा असल्याने ६ फूट उंचीसाठी त्याचं पूर्ण चित्र सुमारे १०.७ फूट रुंद पडतं. थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून १६ फुटांवर ठेवावा लागेल. दोन्ही बाजूंचे काळे पट्टे कापडाबाहेर जाऊ द्या आणि तिथे काळं कापड किंवा घोंगडी टांगा, नाहीतर मागच्या भिंतीवर राखाडी उजेड दिसत राहतो. स्पीकर पडद्याखाली ठेवा. प्रोजेक्टरशेजारी ठेवला तर पंख्याच्या घरघरीत सर्लिंगचं निवेदन ऐकू येत नाही.

उपशीर्षकांची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात (एन्कोडिंगमध्ये) साठवा, नाहीतर मराठीऐवजी चौकोन दिसतील. पेनड्राइव्हवरून टीव्हीला देवनागरी जोडाक्षरं अनेकदा नीट जमत नाहीत. लॅपटॉपवरून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावणं बरं. ओळी मागेपुढे होत असतील तर जी आणि एच या कळा दाबून जुळवा. पण सुरुवातीला जुळलेल्या ओळी हळूहळू सरकत शेवटी मिनिटभर चुकल्या, तर दोष फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा आहे: प्रत २५ ची आणि फाइल २३.९७६ ची, किंवा उलट. तिथे कळा कामाच्या नाहीत, ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलून घ्या.

वीज जाणार हे धरूनच चला. २५० वॅटचा प्रोजेक्टर आणि ५० वॅटचा स्पीकर, १५० एएचची चांगली बॅटरी असेल तर अडीच तास निघतात. जुन्या बॅटरीवर भरवसा नको. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज जाऊन बॅटरी सुरू होण्याच्या क्षणी प्रोजेक्टर बंद पडतो. दिव्याचा प्रोजेक्टर तापलेला असताना पंखा थांबला तर दिवा उडण्याची भीती असते आणि लगेच परत सुरूही होत नाही.

हे सगळं घरच्या माणसांपुरतं. तिकीट लावून किंवा मंडळातर्फे जाहीर खेळ करायचा तर हक्कदाराची परवानगी लागते.

खेळ संपल्यावर प्रोजेक्टर पंखा थांबेपर्यंत तसाच ठेवा, मग लेन्स कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि यंत्र सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पुड्या पावसाळ्याआधी बदला. दमट हवेत लेन्सवर बुरशीची जाळी धरली की ती पुसून जात नाही.