जुना गेम डाउनलोड केलाय, त्यात कॉपी प्रोटेक्शन आहे का हे कसं तपासायचं

नव्वदीतला एखादा गेम जीओजी किंवा स्टीम ह्या ऑनलाइन दुकानांवरून विकत घेतला की पहिला प्रश्न हाच येतो, ह्यात डीआरएम, म्हणजे कॉपी करण्यावर किंवा चालवण्यावर घातलेलं कुलूप, आहे का? आणि त्यावर दहा जण दहा उत्तरं देतात कारण प्रत्येकाच्या डोक्यातली व्याख्या वेगळी असते. कोणी म्हणतं सिरियल की मागितली म्हणजे डीआरएम, कोणी म्हणतं लॉगिन लागलं म्हणजे डीआरएम, कोणी मॅन्युअलमधला शब्द विचारला तरी चिडतं. मी एकच कसोटी लावतो. विकणारा उद्या गाशा गुंडाळून गेला तर आपल्याकडे आत्ता जेवढं डाउनलोड केलेलं आहे तेवढ्यावर हा गेम नवीन मशीनवर बसतो का आणि शेवटपर्यंत खेळता येतो का? येत असेल तर अडवणूक नाही. नसेल तर ती अडवणूक आहे, मग कंपनी तिला काहीही नाव देवो.

आता हे तपासायचं कसं. जीओजीवर प्रत्येक गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, गॅलेक्सी नावाचं त्यांचं ॲप घेतलंच पाहिजे असं नाही, ब्राउझरमधून लायब्ररी उघडून सरळ फाइल उतरवा. मोठ्या गेमला एक सेटअप आणि सोबत .bin एक्स्टेन्शनच्या फाइली असतात, त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात, एक जरी राहिली तरी इन्स्टॉल अर्ध्यात थांबतं आणि लोकांना वाटतं प्रोटेक्शन आहे. मग ते सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या लॅपटॉपवर जा, असा लॅपटॉप की ज्यावर तुमचं अकाउंट कधी उघडलेलंच नाही, वायफाय बंद करा, इन्स्टॉल करा, गेम चालू करा, थोडं खेळून सेव्ह करा, बंद करून परत लोड करा. स्वतःच्या नेहमीच्या मशीनवर टेस्ट करून उपयोग नाही कारण तिथे जुनं लॉगिन, रजिस्ट्रीतल्या नोंदी, काय काय पडून असतं आणि गेम त्याच्या जोरावर चालून जातो.

स्टीमचं जरा वेगळं आहे. तिथे डाउनलोडला ॲप लागतंच, पण डाउनलोड झाल्यावर काय हे गेमगणिक बदलतं. स्टीम पूर्ण बंद करा, म्हणजे खाली घड्याळाजवळच्या आयकॉनवर राइट क्लिक करून एक्झिट, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. मग गेमचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून त्यातली एक्सई, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, थेट उघडा. गेम सुरू झाला तर छान, डॉसबॉक्स ह्या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गुंडाळलेले बरेच जुने गेम असे सरळ सुरू होतात. स्टीम आपोआप उघडलं किंवा एरर आली तर तो गेम स्टीमला बांधलेला आहे. फोल्डरमध्ये स्टीम एपीआयची डीएलएल, म्हणजे गेमला स्टीमशी जोडणारी फाइल, दिसली म्हणून लगेच निकाल देऊ नका, ती अचिव्हमेंट वगैरेसाठी पण असते आणि काही गेम ती असूनही एकटे चालतात. चालवून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता खरी गंमत जुन्या पद्धतींची आहे, कारण तेव्हाचं कॉपी प्रोटेक्शन गेमच्या आतच बसवलेलं असायचं. १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया आपल्याकडे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किती जणांनी खेळलाय, त्यात पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, बाटल्याच बाटल्या आणि वर अक्षरं, मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर बघून ती बाटली प्यायची, चुकीची प्यायलात तर ताकद जायची. ती खोली म्हणजे कॉपी प्रोटेक्शनच. त्याच वर्षीच्या सिमसिटीसोबत गडद लाल कागदावर छापलेला कोडचा तक्ता यायचा, झेरॉक्स काढली तर काळं येईल म्हणून. मंकी आयलंडला १९९० मध्ये पुठ्ठ्याची फिरती चकती होती, दोन चकत्या फिरवून समुद्री चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि खिडकीत दिसेल ते साल टाइप करायचं. एलीट गेमच्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीसोबत तर लेन्सलॉक नावाचं प्लास्टिकचं भिंग होतं, ते टीव्हीच्या काचेवर धरून आत दिसणारी अक्षरं वाचायची.

मग असा प्रश्न विचारणारा गेम आज डाउनलोड केला तर तो डीआरएमवाला धरायचा का? माझं मत, उत्तर जर तुम्हाला मिळालेल्या पीडीएफमध्ये असेल तर नाही, कारण कोणाची परवानगी लागत नाही, नेट लागत नाही, ती फाइल कितीही वेळा कॉपी होते. पण इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जीओजीवर मॅन्युअल, नकाशे वगैरे एक्स्ट्रा म्हणून वेगळे डाउनलोड करायचे असतात, इन्स्टॉलरसोबत आपोआप येतीलच असं नाही. लोक इन्स्टॉलर जपून ठेवतात आणि पीडीएफ विसरतात. १९९२ चा किंग्ज क्वेस्ट ६ घ्या, त्यात क्लिफ्स ऑफ लॉजिक म्हणून एक कडा आहे, तिथली कोडी बॉक्समधल्या गाइडबुकशिवाय सुटत नाहीत, चुकलात तर खाली पडून मरता. गाइडबुक नसेल तर गेम बराच पुढे गेल्यावर अडकाल, म्हणजे सुरुवातीच्या टेस्टमध्ये कळणारही नाही. म्हणून कुठलाही ॲडव्हेंचर गेम घेतलात की एक्स्ट्रा आधी उतरवा आणि इन्स्टॉलरच्याच फोल्डरमध्ये ठेवा. मेटल गिअर सॉलिडचा पण असाच किस्सा, एक रेडिओ फ्रिक्वेन्सी सीडीच्या कव्हरच्या मागे बघा असं गेममधला माणूस सांगतो, डाउनलोडवाल्याकडे कव्हर कुठलं, तर ती १४०.१५ आहे, लिहून ठेवा.

वय विचारणारे प्रश्न मात्र ह्यात धरू नका. लेजर सूट लॅरीच्या सुरुवातीला जे प्रश्न येतात ते मुलांना लांब ठेवायला होते, कॉपीशी त्यांचा काही संबंध नाही.

सीडी तपासणी हा पुढचा टप्पा. डॉसबॉक्सवाल्या गेमच्या फोल्डरमध्ये गोग किंवा आयएनएस एक्स्टेन्शनच्या फाइली दिसतील, त्या सीडीच्या इमेज, म्हणजे फाइलच्या रूपातली सीडीची कॉपी, असतात आणि सेटिंगची कॉन्फ फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर इमगमाउंट अशी ओळ सापडेल, जी ती इमेज डी ड्राइव्ह म्हणून लावते. गेमला वाटतं सीडी आत आहे. ह्यात काही बंधन नाही, उलट गाणी आणि व्हिडिओ तिथूनच वाजतात, म्हणून जागा वाचवायला त्या फाइली उडवू नका. विंडोजच्या काळातलं सेफडिस्क नावाचं सीडी प्रोटेक्शन मात्र खरंच वाईट होतं, ते विंडोजमध्ये ड्रायव्हर वापरायचं आणि २०१५ मध्ये विंडोज १० ने तो ड्रायव्हर ठेवलाच नाही, त्यामुळे पैसे देऊन घेतलेल्या ओरिजनल सीड्या घरात असूनही गेम चालेनात. अशाच गेमची डाउनलोड आवृत्ती पुन्हा विकत घ्यावी लागणं मला आजही पटत नाही, पण निदान त्यात ते प्रोटेक्शन काढलेलं असतं.

सिरियल कीचं बघा, की टाइप केली आणि नेट न लावता इन्स्टॉल झालं तर ती नुसती की आहे, फाइलजवळ एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. की देऊन सर्व्हरला विचारणं आणि मोजणं सुरू झालं की ते ॲक्टिव्हेशन. २००७ च्या बायोशॉकला सुरुवातीला दोनच ॲक्टिव्हेशन होती, लोकांनी आरडाओरडा केल्यावर पाच केली आणि पुढच्या वर्षी मर्यादा काढली. ऑनलाइन मल्टिप्लेअरसाठी लागणारी की मी वेगळी धरतो, एकट्याने खेळायचा भाग तिच्याशिवाय चालला पाहिजे एवढंच बघतो.

आणि तपासणीत बंधन सापडलं तर क्रॅक शोधत बसू नका, व्हायरसची भीती आहेच. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून ६५ए कलम आहे, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. स्वतः कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रॅमचा बॅकअप ठेवायला तोच कायदा परवानगी देतो, तेव्हा इन्स्टॉलरची कॉपी बिनधास्त ठेवा.

सरळ उपाय रिफंडचा. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळणं अशी अट आहे, जीओजीवर ३० दिवस मिळतात आणि खेळून बघितलं असलं तरी चालतं. म्हणून सेलमध्ये दहा गेम एकदम घेतले असतील तर आधी स्टीमवाले तपासा, जीओजीवाले पुढच्या रविवारी केले तरी हरकत नाही.