शोकाचा आराखडा लिहिताना: हॉस्पिसमधल्या नव्या सहकाऱ्यांसाठी

‘शोकातून बाहेर येणे’, ‘मृत्यूचा स्वीकार करणे’. रुग्ण गेल्यावर मागे राहिलेल्यांना कशात आणि कशी साथ द्यायची, हे आपण शोकाच्या आराखड्यात लिहितो. त्यातल्या उद्दिष्टांच्या रकान्यात अशी वाक्यं दिसली की मी ती फाइल लिहिणाऱ्याकडे परत पाठवते. वाक्यांत खोटं काही नसतं. पण उभा संसार एकत्र केलेल्या म्हाताऱ्या नवऱ्याला आणि शाळकरी मुलीला एकच ओळ चालत असेल, तर ती दोघांपैकी कुणाचीच नाही. शिवाय अशी ओळ पूर्ण झाली की नाही, हे ठरवायचं कुणी आणि कशावरून?

मी हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या काळात रुग्णाची काळजी घेणाऱ्या संस्थेत, शोकग्रस्त कुटुंबांचं काम बघते. खाली दिलेली उदाहरणं खऱ्या अनुभवांतून आली आहेत, पण कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काम रुग्ण जिवंत असतानाच सुरू होतं. सिसिली साँडर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तेव्हापासून कुटुंबाकडे लक्ष देणं हा या कामाचा भागच आहे. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेच्या नियमांनुसार मृत्यूनंतर वर्षभरापर्यंत शोकसाहाय्य उपलब्ध ठेवावं लागतं, तेही कुटुंबाबरोबर आराखड्यात नोंदलेल्या इतर व्यक्तींसाठी. या ‘इतर व्यक्तीं’कडे मी मुद्दाम लक्ष द्यायला सांगते. घटस्फोटित नवरा, जिवलग मैत्रीण, घरच्यांनी न स्वीकारलेला जोडीदार. खाटेशी रोज येऊन बसणारं माणूस फॉर्मवर कुठेच नसतं. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1980 च्या दशकात अशा मान्यता न मिळालेल्या शोकाबद्दल लिहिलं, पण आपल्याला त्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारा, ती नावं सांगेल.

रुग्ण जिवंत असतानाच चार गोष्टी टिपून ठेवा: प्रत्यक्ष शुश्रूषा कोण करतंय, याआधी जवळचं कुणी गेलंय का, पूर्वी नैराश्यावर उपचार झालेत का, आणि रुग्णाच्या माघारी रात्री घरात कोण असणार आहे.

मृत्यूनंतर पहिला फोन काही दिवसांत करा, पण उद्दिष्टाचं नावही काढू नका. त्या दिवसांत माणसाला कागदपत्रं, उरलेली औषधं, परत द्यायची खाट यांत मदत लागते. ती करा. उद्दिष्टांचं बोलणं मी सहसा तीन-चार आठवड्यांनी काढते, समोरच्याची तयारी असेल तरच.

आणि तेव्हाही ‘तुमचं उद्दिष्ट काय?’ असं विचारत नाही. कारखान्यात विचारायचा प्रश्न आहे तो. मी विचारते, ‘दिवसातली कोणती वेळ सगळ्यात जड जाते?’ ‘त्यांच्यावाचून कोणतं काम अडलंय?’ आणि ‘असं काय आहे, जे मुळीच बदलू नये असं वाटतं?’ तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात, मग बोलायला लागतात. गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायचं असतं, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. डेनिस क्लास या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये नातं वेगळ्या रूपात टिकतं, अशी मांडणी केली. त्यामुळे ‘तिचा आवाज असलेला मेसेज जपून ठेवायचाय’ हेही रीतसर उद्दिष्ट आहे. त्यात आपलं काम एवढंच, की त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत निघाली ना ते बघायचं.

आईची दीर्घकाळ शुश्रूषा केलेली एक मुलगी म्हणाली, ‘पहाटे तीनला जाग येतेच. मॉर्फिनची वेळ.’ सहकाऱ्याने लिहिलं होतं, ‘झोप सुधारणे.’ तिला पुन्हा विचारलं तर म्हणाली, ‘जाग आली तर येऊ दे. पण तेव्हा मी रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहते, ते नकोय.’ मग फाइलमध्ये ओळ आली: पहाटे जाग आली तर आईच्या खोलीत न जाता बाहेरच्या खुर्चीत बसून तिला दोन ओळी लिहीन. वही कुठे ठेवायची हेसुद्धा तिनेच ठरवलं. उद्दिष्ट त्या माणसाच्या तोंडचं असावं, त्यात एखादी कृती असावी आणि ती कधी, कुठे हे कळावं. ‘वाटणं’ हे क्रियापद आलं की मी थांबून पुन्हा विचारते.

दुसरं उदाहरण नवऱ्याचं. घरचे सगळे हिशेब बायको बघायची, आता न उघडलेली पाकिटं खणात साठत होती. काहींना वाटतं, बिलं भरणं हा शोकसाहाय्याचा विषय नाही. मला तसं वाटत नाही. स्ट्रोबे आणि शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोकातला माणूस गमावल्याच्या दुःखाकडे आणि नव्याने उभ्या राहिलेल्या कामांकडे आळीपाळीने वळत असतो, आणि तसं वळणं निरोगी असतं. म्हणून आराखड्यात एखादी ओळ आठवणींची असावी, एखादी व्यवहाराची.

मोजायचं कसं? उद्दिष्ट किती साधलं हे मोजायची किरेसुक आणि शर्मन या संशोधकांची 1968 ची पद्धत मला आवडते: उणे 2 ते अधिक 2 अशा पाच पायऱ्या, शून्यावर अपेक्षित टप्पा. पाकिटं साठवणाऱ्या त्या नवऱ्याबरोबर बसून आम्ही लिहिलं: पाकिटं खणातच, उणे 2. उघडून ठेवली, उणे 1. मुलीला शेजारी बसवून एक बिल भरलं, शून्य. एकट्याने भरलं, अधिक 1. महिन्याचा सगळा हिशेब हातात घेतला, अधिक 2. पायऱ्या त्यांच्याच शब्दांत होत्या, त्यामुळे पुढच्या भेटीत आपण कुठे आहोत हे तेच सांगायचे. एका वेळी दोनपेक्षा जास्त उद्दिष्टं मी ठेवत नाही.

मुलांसाठी उद्दिष्ट अगदी छोटं ठेवा. मूल आत्ता रडतं, पाच मिनिटांनी खेळतं, आणि मोठे म्हणतात त्याला काही कळलेलंच नाही. ‘वर्गात रडू आलं तर कुणाला सांगून कुठे जायचं’ एवढं ठरलं आणि शिक्षकांना माहीत असलं, तर पुष्कळ झालं. मुलांशी बोलताना ‘बाबा झोपले’, ‘लांब गेले’ म्हणू नका. ‘मरण पावले’ म्हणा. झोपले म्हटलं की मूल झोपायला घाबरू शकतं.

शोकाच्या पाच अवस्थांवरून (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) मात्र उद्दिष्टं काढू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी क्रमाने चढायच्या पायऱ्या म्हणून नव्हे.

अनेकांना आराखड्याची गरजच नसते. घरचे, मित्र पुरतात. कुणी म्हणालं ‘फोन नको’, तर तसंच लिहा आणि करू नका. पत्र चालेल का, तेवढं विचारून घ्या.

काही वेळा उद्दिष्टं बाजूला ठेवून तज्ज्ञाकडे पाठवावं लागतं. तीव्र ओढ किंवा सतत तेच विचार कमी होत नाहीत, रोजचं जगणं ठप्प आहे आणि असं दीर्घकाळ चाललंय, तर आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीनुसार सहा महिन्यांनंतर, आणि डीएसएम-5-टीआर या अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या निदानपुस्तिकेनुसार प्रौढांमध्ये वर्षानंतर प्रदीर्घ शोकविकाराचं निदान होऊ शकतं. पण तारखेची वाट बघत बसू नका. ‘मलाही तिच्याकडे जायचंय’ असं कुणी म्हणालं, तर सरळ विचारा: ‘जीव देण्याचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

आढावा घेताना उद्दिष्ट रद्द करायला कचरू नका. वहीत लिहिणाऱ्या त्या मुलीने मध्येच लिहिणं सोडलं, कारण तिला जाग येईनाशी झाली. मी ओळ खोडून तारीख टाकली.

मृत्यूनंतरचं वर्ष संपतानाचा शेवटचा फोन आधी कळवून करा आणि पुढे लागलं तर कुणाशी संपर्क करायचा, हे लेखी द्या. हा फोन नेमका पहिल्या स्मृतिदिनी चालेल, की त्याच्या आधी किंवा नंतर, हेही त्यांनाच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वर्षभराने फोन करणारी व्यक्ती बहुधा दुसरीच असते.