खेळाडूचा प्रशिक्षक होताना

फुटबॉलमधून निवृत्त होण्याची वाट न पाहता, खेळत असतानाच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी परवाना मिळवावा. त्यानंतर सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशा पायऱ्या चढायच्या असतात, आणि त्यांच्या दरम्यान मैदानावर प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव गाठीशी असावा लागतो.

पहिली जबाबदारी लहान संघाची असली तरी आनंदाने स्वीकारावी. महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या संघांकडून खेळलेल्या खालिद जमील यांनी २००९ मध्ये मुंबई एफसीची सूत्रे हाती घेतली व तुटपुंज्या साधनांत हा संघ अनेक हंगाम अव्वल श्रेणीत टिकवला. माझ्या मते त्यांची खरी घडण तिथेच झाली. पुढे मिझोरामच्या आयझॉल संघाला त्यांनी २०१६-१७ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातील अव्वल साखळी स्पर्धा, जिंकून दिली. शिलाँगमधील अखेरच्या सामन्यात पिछाडीवर पडूनही संघाने विजेतेपदासाठी आवश्यक ती बरोबरी साधली.

म्हणून सुरुवातीला संघाची ताकद ओळखून आधी बचाव पक्का करावा, प्रत्येक सामन्याची टिपणे ठेवावीत आणि राखीव खेळाडूंशीही नियमित बोलावे. जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले.