‘नोव्हा’ वाचायला घेताय? या चुका टाळा

मार्व्हल कॉमिक्सच्या पसाऱ्यात नव्याने शिरणाऱ्याला सॅम अलेक्झांडर हा नायक असलेली ‘नोव्हा’ ही सुपरहिरो मालिका द्यावी. ॲरिझोनातल्या केअरफ्री गावातला शाळकरी पोरगा, त्याच्याच शाळेत झाडलोट करणारा बाप, आणि बापाच्या अंतराळातल्या गोष्टींवर न बसणारा विश्वास. एवढ्यावर कथा उभी राहते. तरीही नवे वाचक पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी अडखळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘नोव्हा अंक १’ एवढंच बघून अंक घेणं. या नावाची मालिका सात वेळा १ पासून सुरू झाली आहे: १९७६, १९९४, १९९९, २००७, २०१३, २०१५ आणि २०१६. नेहमी होतं ते असं. ‘पहिल्या अंकापासून वाच’ असं कुणीतरी सांगतं आणि हाती २००७ चा अंक पडतो. त्यातला नायक सॅम नाहीच, तो रिचर्ड रायडर. त्याचं नोव्हा दल, म्हणजे अंतराळातलं पोलीस दल, संपलेलं आहे, झँडार ग्रहाचा महासंगणक ‘वर्ल्डमाइंड’ त्याच्या डोक्यात बोलतोय आणि तो एकटाच आकाशगंगाभर धावून थकलाय. २००६ च्या ‘ॲनाइहिलेशन’ या अंतराळयुद्धाच्या महाकथेनंतरची ही गोष्ट आहे. ॲबनेट आणि लॅनिंग या लेखकांचं काम उत्तमच, पण नवख्याला काही उमगत नाही. मग तो दोष स्वतःकडे घेतो, ‘कॉमिक्स आपल्यासाठी नाहीत’ म्हणतो आणि कायमचा निघून जातो. याचंच फार वाईट वाटतं.

म्हणून अंक घेण्याआधी साल बघा: २०१३. मुखपृष्ठावर लेखक जेफ लोब आणि चित्रकार एड मॅकगिनिस ही नावं हवीत. मग नायकाचं शिरस्त्राण बघा. सोनेरी असेल तर रायडर, काळं असेल तर सॅम. एका नजरेत कळतं.

दुसरी चूक ‘आधी सगळा इतिहास, मग सॅम’ ही. ‘काय कुठल्या क्रमाने वाचावं’ अशा याद्या करणाऱ्यांनी हे खूळ पसरवलंय. सुरुवातीला सॅमला स्वतःलाच काही ठाऊक नसतं. तो शिकतो तसे आपण शिकतो. आधीच सगळं वाचून आलात तर ही मजा हातची जाते.

उलट टोकाची घाईही नको. फक्त संवादाचे फुगे वाचून पानं उलटणारे पहिल्या अंकाची सुरुवातच वाया घालवतात. अंतराळातली धुमश्चक्री चालू असते आणि मग लक्षात येतं की हा बाप पोरांना गोष्ट सांगतोय. मॅकगिनिसची चौकट मोठी, ठसठशीत. तिथे थांबायलाच हवं. अंक १ ते ५ एका बैठकीत वाचा. ‘ओरिजिन’ या संग्रहात ते एकत्र मिळतात.

पाचव्यावर मात्र थांबू नका. सहाव्यापासून झेब वेल्स लिहितो, पाको मेदिना चित्रं काढतो. दहाव्यापासून शेवटच्या ३१ व्या अंकापर्यंत जेरी डग्गन. खरा सॅम इथे घडतो. ८ आणि ९ हे ‘इन्फिनिटी’ या अनेक मालिकांत पसरलेल्या महाकथेला जोडलेले अंक आहेत. त्यांच्यासाठी ती अख्खी महाकथा विकत घेऊ नका, सरळ पुढे वाचत राहा.

२०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ चित्रपटात नोव्हा दल आहे, सॅम नाही. तिथे त्याला शोधू नका.

२०१६ ची मालिका सॅम आणि रायडर दोघांची आहे. ती ३१ अंक आणि २०१५ ची मालिका संपल्यावरच उघडा.