बेळगाव सीमाभागात अटक आणि गुन्ह्याची नोंद कशी शोधायची

‘त्याच्यावर केस आहे म्हणे’ एवढंच कानावर आलं असेल तर लगेच नाव टाकून शोधायला बसू नका. आधी ठाणं ठरवा, मग गुन्ह्याचा नंबर आणि साल मिळवा. इथले लोक त्याला क्राइम नंबर म्हणतात. तो हाती आला की निम्मं काम झालं.

ठाणं चुकतं ते हद्दीमुळे. बेळगावात दोन स्वतंत्र पोलीस घटक आहेत. एक शहराचं आयुक्तालय, दुसरं जिल्हा पोलीस अधीक्षकांचं. बेळगाव ग्रामीण, काकती, मारिहाळ ही ठाणी नावावरून खेड्याकडची वाटतात, पण ती आयुक्तालयाखाली येतात. खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अधीक्षकांकडे. कर्नाटक राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर शोधताना चुकीचा घटक निवडला तर ठाण्याचं नावच यादीत दिसत नाही, आणि माणूस समजतो की नोंदच नाही. घटना शिनोळीत किंवा कागलकडे घडली असेल तर कोल्हापूर पोलीस. त्यासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर आणि अटक आरोपी असे वेगळे विभाग आहेत.

अटक नुकतीच झाली असेल तर संगणकापेक्षा ठाणं गाठा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळक लावायचं असतं. अटक केलेल्याला कुठे ठेवलंय हे त्याच्या नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. तेव्हा ठाण्यात क्राइम नंबर, कलमं, तपास अधिकारी आणि कोणत्या कोर्टात नेणार या चार गोष्टी विचारून लिहून घ्या. न्यायालयीन कोठडी झाली की हिंडलगा कारागृहात चौकशी करा.

एफआयआर नोंदल्यापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, संपर्काची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. लैंगिक अत्याचार, पोक्सो (मुलांवरचे लैंगिक गुन्हे), दहशतवाद असले संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेत. ते तिथे सापडणार नाहीत आणि शोधत बसूही नये. कर्नाटकातल्या एफआयआरची प्रत कन्नडमध्ये येते. वाचता येत नसेल तर अंदाज बांधू नका, जाणत्याकडून वाचून घ्या. कलमांचे आकडेही फसवतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या कायद्यात, म्हणजे भारतीय दंड संहितेत, ३०२ म्हणजे खून. नव्यात खून १०३ मध्ये गेला, आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. आकड्याआधी कायद्याचं नाव बघा.

पुढचं सगळं ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडा (खानापूर, निपाणी, चिकोडीची वेगळी आहेत) आणि शक्यतो एफआयआर नंबरानंच शोधा. नावानं शोधायची वेळ आली तर स्पेलिंग हीच खरी अडचण. ‘ज्ञानेश्वर’ मराठी माणूस इंग्रजीत ‘डी’नं सुरू करतो, कन्नड वळणानं लिहिणारा ‘जे’ किंवा ‘जी’नं. चव्हाण तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. म्हणून पूर्ण नाव न टाकता पहिली तीन-चार अक्षरं टाका, प्रलंबित आणि निकाली दोन्ही तपासा, साल एकेक करून बदला. पाटील, कांबळे अशी आडनावं गावोगावी आहेत. वडिलांचं नाव, गाव आणि वय जुळल्याशिवाय ‘हाच तो’ म्हणू नका. चुकीच्या माणसाचं लग्न मोडतं, नोकरी जाते. सापडलेल्या खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर नंबर टिपून ठेवा, पुढची तारीख त्यावरच कळते.

त्या पानावर ‘सीसी’ म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढचा फौजदारी खटला, ‘एससी’ म्हणजे सत्र खटला. काहीच सापडलं नाही तर तपास चालू असेल किंवा पोलिसांनी ‘बी रिपोर्ट’ देऊन तो बंद केला असेल. दोषारोपपत्र मात्र ऑनलाइन मागू नका. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. आरोपीला त्याची प्रत फुकट मिळते, इतरांनी कारण देऊन कोर्टात अर्ज करावा. निवडणूक लढवणाऱ्याची माहिती हवी असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचं फॉर्म २६ चं शपथपत्र बघा, त्यात प्रलंबित खटले आणि शिक्षा दोन्ही लिहावी लागतात.

शेवटी कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठही तपासा. तिथे गुन्हा रद्द झाला असला तरी मूळ एफआयआरच्या प्रतीवर ते उमटत नाही.