टीपीएमएसचा दिवा लुकलुकतोय? सेन्सर विकत घेण्याआधी या चुका टाळा

टीपीएमएस म्हणजे टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. तिचा डॅशबोर्डवरचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, आत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. लागला आणि तसाच राहिला, तर कुठल्यातरी टायरात हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत बिघाड यंत्रणेचा असतो. चाकातला हवा मोजणारा सेन्सर, त्याचा सिग्नल पकडणारा गाडीतला रिसीव्हर किंवा यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा म्हणजे मॉड्यूल, यांपैकी कुणीतरी गप्प झालेलं असतं. तरीही लोक आधी पंपावर जातात, चारही चाकांत हवा मारतात, दिवा जात नाही म्हणून आणखी दोन पौंड मारतात. दिवा तिथेच, टायर मात्र फुगून कडक.

मुळात आपल्या गाडीत चाकात सेन्सर आहेत का, हे आधी बघा. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचं प्रेशर आकड्यात दिसत असेल तर आहेत. नुसता दिवा आणि रीसेटचं बटण किंवा मेन्यू असेल, तर ती बहुधा एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, चालणारी यंत्रणा. हवा कमी झालेलं चाक किंचित जास्त वेगाने फिरतं, त्यावरून ती अंदाज बांधते. अशा गाडीत एबीएसचे व्हील स्पीड सेन्सर तपासायचे आणि हवा भरल्यावर रीसेट करायचं. ऑनलाइन मागवलेला सेन्सर तिथे काहीच कामाचा नाही.

गप्प कोण आहे?

माझ्या मते निम्मं निदान या एका प्रश्नात होतं, आणि तो विचारायच्या आधीच पार्ट मागवला जातो. स्क्रीनवर एकच चाक दिसत नसेल तर त्या चाकाचा सेन्सर संशयित. त्यातली लिथियम बॅटरी आतच सीलबंद असते, साधारण पाच ते दहा वर्षं चालते आणि संपली की सहसा सेन्सरच बदलावा लागतो. पण चारही चाकं एकाच दिवशी गायब झाली, तर चार बॅटऱ्या एकदम संपल्या असं समजू नका. रिसीव्हर, त्याचा फ्यूज, वायरिंग बघा. नवा डॅशकॅम किंवा स्वस्तातला मोबाईल चार्जर लावलाय का, तेही आठवा, त्यांचा सेन्सरच्या सिग्नलला अडथळा होऊ शकतो; तो काढून गाडी चालवून बघायला पैसे लागत नाहीत. काही गाड्यांत रिमोट चावीचा आणि टायरचा रिसीव्हर एकच असतो. चावीही हल्ली जवळ गेल्याशिवाय चालत नसेल, तर तिथेच शोधा.

उभ्या गाडीत निकाल लावू नका. बॅटरी वाचवायला सेन्सर झोपलेले असतात, बऱ्याच गाड्यांत ताशी २५-३० किमीच्या पुढे गेल्यावर जागे होतात. उभ्या गाडीत तपासायचं तर टीपीएमएस टूल हवं. ते टायरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या अगदी जवळ धरायचं. टूल १२५ किलोहर्ट्झची हाक देतं, सेन्सर आपला आयडी, प्रेशर आणि तापमान परत पाठवतो. बॅटरीची अवस्थाही अनेकदा कळते. टूलला उत्तर आलं पण गाडीला चाक दिसत नाही, तर सेन्सर जिवंत आहे. त्याचा आयडी गाडीत नोंदलेला नाही, किंवा गोंधळ रिसीव्हरकडे आहे.

नातेवाईकाकडून अमेरिकेहून सेन्सर मागवताना फ्रिक्वेन्सी बघा. तिकडे मुख्यतः ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपात आणि आपल्याकडे ४३३. दिसायला दोन्ही सारखेच, पण चुकीचा बसवला तर गाडीला तो ऐकूच येत नाही.

पंक्चरच्या दुकानात

टायर उतरवताना बीड (टायरची रिमला चिकटलेली कड) दाबणारं मशीनचं फावडं व्हॉल्व्हच्या वर आलं की आतला सेन्सर फुटलाच समजा. “आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा” हे आधीच सांगा. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि टीपीएमएस असेल तर स्टेपनीतून सूट दिली. त्यामुळे काही गाड्यांत स्टेपनीऐवजी सीलंटची, म्हणजे पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची बाटली मिळते. ते सीलंट सेन्सरच्या बारीक भोकात जाऊन वाळतं आणि रीडिंग अडकतं, म्हणून ते वापरल्यावर टायर उघडून आतलं पुसून घ्या. कोकणात आणि गोव्यात अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन बसवली तर खाऱ्या हवेत ती गंजून धरते. पिन निकेलचा मुलामा असलेलीच मागा.

स्कॅनर खोटं बोलत नाही, अपुरं बोलतो

गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडायच्या जागी) लावायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनाचेच बिघाडाचे कोड वाचतो. त्याच्यावर ‘कोड नाही’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळी मॉड्यूल वाचणाऱ्या स्कॅनरवर यू-०१२७ आला, तर टायर प्रेशर मॉड्यूलशीच बाकीच्या गाडीचा संपर्क तुटलाय. अशा वेळी चाकं उघडणं म्हणजे पैसे वाया. मॉड्यूलचा फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टर बघा; पावसाळ्यात कार्पेटखाली पाणी साचून पिना हिरव्या पडतात.

मग कॅन लाईन, म्हणजे गाडीतली मॉड्यूल एकमेकांशी बोलतात ती वायरची जोडी. गाडीची बॅटरी काढून, थोडं थांबून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास आलं तर ठीक. १२० आलं तर एका टोकाचा टर्मिनेटर (लाईनच्या टोकाला असलेला रेझिस्टर) किंवा वायर तुटलेली, शून्याजवळ आलं तर शॉर्ट. लाईनच्या वेगवेगळ्या शाखा जोडणारं गेटवे मॉड्यूल असलेल्या गाडीत हा आकडा फक्त त्या शाखेपुरता खरा. मुख्य लाईन गेली असती तर एबीएस, पॉवर स्टिअरिंगचे दिवेही लागले असते. एकटं टीपीएमएस गप्प असेल तर त्याच्याच सप्लायपासून सुरुवात करा.

सेन्सर बदलावाच लागला तर जुना फेकायच्या आधी त्याच्यावरच्या आयडीचा फोटो काढून ठेवा. प्रोग्रॅम करता येणाऱ्या नव्या सेन्सरवर तोच आयडी उतरवून घेता येतो, मग गाडीत वेगळी नोंदणी करावी लागत नाही.